क्यूच्या टोकाचा इतिहास

क्यू म्हणजे बिलियर्ड्स, स्नूकर, पूल खेळायची काठी. तिची टिप बदलायला बसलेल्या माणसाच्या हाताखाली तीन गोष्टी असतात: चामड्याची टिप, तिच्याखालचं फेरूल (काठीच्या टोकावरची टोपी) आणि त्यामागचा शाफ्ट, म्हणजे काठीचा पुढचा निमुळता दांडा. या तिन्ही एकाच वेळी आलेल्या नाहीत. आधीचं काहीतरी नडलं म्हणून पुढचं आलं. हा क्रम माहीत असला की कुठे घासायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे आपोआप कळतं.

सुरुवातीला क्यू नव्हताच. रुंद डोक्याच्या ‘मेस’ नावाच्या काठीने चेंडू ढकलत. चेंडू कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला चिकटला की ते डोकं मागे मावत नसे, मग काठी उलटी धरून बारीक टोकाने मारायचं. ‘क्यू’ हा शब्द शेपटीला असलेल्या फ्रेंच शब्दातून आला, तो बहुधा यामुळेच. पण ते टोक नुसतं लाकडाचं. मध्यापासून जरा बाजूला मारलं की ते चेंडूवरून घसरायचं.

त्यावर उपाय काढल्याचं श्रेय फ्रेंच सैन्याधिकारी फ्रान्स्वा मँगो याला दिलं जातं. राजकीय कैदेत असताना त्याने टोकावर चामडं बसवून सराव केला, असं सांगतात. त्याचं बिलियर्ड्सवरचं पुस्तक 1827 मध्ये पॅरिसला निघालं. माझ्या मते या खेळात याहून मोठा बदल झालेला नाही. टिप आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम एक-दोन हजारांश सेकंदाचा असतो. तेवढ्यात चामडं थोडं दबतं, पकड घेतं आणि चेंडूला फिरकी देतं. 1835 मध्ये गणितज्ञ कोरिओलिसने बिलियर्ड्सच्या चेंडूच्या गतीवर अख्खा ग्रंथ लिहिला. चामड्याच्या टिपमुळे शक्य झालेले फटके त्याच्यासमोर होते.

चामडंही कोरडं असलं की घसरतं, म्हणून खडू आला. 1897 मध्ये अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी सिलिकाचं मिश्रण पेटंट केलं. तेव्हापासून नाव चॉकच राहिलं, पण आतला खडू गेला. चॉक नीट लावलेला असेल तर चेंडूच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत बाजूला मारता येतं. त्यापलीकडे कितीही महाग टिप असली तरी ती घसरणारच.

फेरूलचं काम साधं: फटक्याच्या दणक्याने लाकूड फाटू नये. आधी हस्तिदंत, नंतर प्लॅस्टिक; स्नूकरच्या क्यूवर पितळ.

शाफ्टचा खरा प्रश्न मात्र उशिरा सुटला. पूलसाठी हार्ड मेपल ठरलं, पण एकसंध लाकूड हवेतल्या ओलाव्याने वाकतं. दुसरी अडचण अशी की बाजूला मारलं की चेंडू उलट दिशेला किंचित सरकून निघतो. क्यू लवचीक नाही म्हणून असं होतं, अशी बरीच वर्षं समजूत होती. मुख्य कारण आहे टोकाकडच्या काही इंचांचं वजन. 1990च्या दशकात प्रेडेटर या कंपनीने लाकडाच्या फाका जोडून, टोकाशी पोकळ असा हलका शाफ्ट आणला. पुढे कार्बन फायबर आलं. टिपच्या बाबतीत 1990च्या दशकातच जपानच्या मूरी या ब्रँडने डुकराच्या कातड्याचे पातळ थर चिकटवून केलेली टिप लोकप्रिय केली. एकसंध टिप दणके खाऊन बाहेर फुगते. थरांची टिप आकार जास्त टिकवते, पण कधीकधी तिचे थर सुटतात.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान सँडपेपरने होतं, हे मी ठामपणे म्हणतो. मळका शाफ्ट दर महिन्याला घासला की 13 मिमीचा शाफ्ट हळूहळू बारीक होतो आणि मग फेरूलची कड बोटाला लागू लागते. मळ काढायला बहुतेक वेळा ओलसर फडकं पुरतं. लगेच कोरडं पुसायचं. लाकडात खोच पडली असेल तर तिथे पाण्याचा थेंब ठेवून वाफ द्यावी. दबलेले तंतू फुगून वर येतात. कापले गेलेले तंतू मात्र परत येत नाहीत. नवी टिप लावताना फेरूलचा माथा आणि टिपचा तळ दोन्ही अगदी सपाट हवेत. गोंद पातळ असला तरी चालतो, फट चालत नाही. मग टिपची बाजू फेरूलच्या बरोबरीला आणायची ती टिपवरूनच, फेरूलला पाते न लावता. गोलाई साधारण 9 ते 10.5 मिमी त्रिज्येची ठेवतात.

कार्बनच्या शाफ्टला हा हिशेब लागू नाही. तो घासला तर तंतू कापले जातात आणि धूळ फुफ्फुसाला वाईट. जुनी टिप काढताना उष्णता दिली तर तंतू धरून ठेवणारं रेझिन सैल पडतं. तिथे पात्याने टिप थराथराने कापत खाली यायचं आणि शेवटचा पापुद्रा हळूच खरवडायचा.