पार्श्वभूमी: बाराखडीचा पुठ्ठा ते मेंदूतली चिप

जानेवारी २०२४ मध्ये एलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत, नुसत्या विचाराने कम्प्युटर चालवता यावा म्हणून, चिप बसवली तेव्हा आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर ती बातमी दहा वेळा फिरली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, काकांना बसवता येईल का. काकांना एएलएस, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करत मरतात पण डोकं सहसा शाबूत असतं. दांडिया बाजारच्या घरी त्यांच्या पलंगाशी एक पुठ्ठा असायचा, त्यावर काकूने स्केचपेनने बाराखडी लिहिलेली, आपण बोट फिरवायचं आणि बरोबर अक्षर आलं की काका डोळे मिटणार. "पाणी" म्हणायचं तर आधी प, मग काना, मग ण, मग दुसरी वेलांटी, दोन-तीन मिनिटं सहज जायची. त्यामुळे या विषयात मी सगळ्यात आधी स्पीडचा आकडा बघते.

ही चिप काही अचानक आलेली नाहीये. १८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने ससे आणि माकडं यांच्या उघड्या मेंदूवर वीज मोजली होती. माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा टिपली जर्मनीच्या हान्स बर्गरने, १९२४ मध्ये, आणि छापली १९२९ ला. बर्गरची गोष्ट मला फार आवडते, तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला, तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचला आणि त्याच दिवशी घरून तार आली की बहिणीला तुझी काळजी वाटतेय! मनातलं असं परस्पर पोचतं का, हे शोधायला तो मेंदूकडे वळला. ते काही सापडलं नाही पण ईईजी, म्हणजे डोक्यावरून मेंदूची वीज टिपणं, सापडला.

मात्र कवटीच्या बाहेरून ऐकणं म्हणजे नवरात्रात मैदानाबाहेर रस्त्यावर उभं राहून गरबा ऐकण्यासारखं आहे, ताल कळतो, आत कोण काय बोलतंय ते नाही कळत. म्हणून आत शिरणं आलं. १९६९ मध्ये अमेरिकेत एबरहार्ड फेट्झने दाखवलं की खाऊ मिळत असेल तर माकड स्वतःच्या मेंदूतली एक पेशी जाणूनबुजून जास्त चालवायला शिकतं. १९७३ ला जॅक व्हिडालने 'ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस' हे नाव दिलं. खरी किल्ली मला वाटतं १९८० च्या दशकात अपोस्टोलोस जॉर्जोपुलोसने दिली, हात हलवताना प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते आणि पुष्कळ पेशींची मतं एकत्र मोजली की हात कुठे जाणार ते कळतं. आजचं सगळं डिकोडिंग, म्हणजे पेशींच्या सिग्नलवरून माणसाला काय करायचंय ते ओळखणं, त्या मतमोजणीतूनच वाढलंय.

मधल्या काळात बहिऱ्यांसाठी कानाच्या आत बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट आलं, पार्किन्सनसाठी मेंदूत खोल तार घालणं आलं, म्हणजे शरीर तार वर्षानुवर्षं सहन करतं हे कळलं होतं. मग युटाच्या रिचर्ड नॉर्मनने जेमतेम ४ मिलिमीटरच्या चौकोनावर १०० सुया बसवल्या आणि २००४ मध्ये याच सुया वापरणाऱ्या ब्रेनगेट नावाच्या अमेरिकन ट्रायलमध्ये मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाने नुसत्या विचाराने कर्सर हलवला, ईमेल उघडली. २०१२ मध्ये छापलेल्या प्रयोगात बरीच वर्षं हातपाय लुळे असलेल्या एका बाईने रोबोटचा हात विचाराने हलवून बाटलीतली कॉफी स्वतः तोंडाशी आणली. तो व्हिडिओ काकूने कितीदा तरी बघितला.

आता स्पीड. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने, तिच्या प्रमुखांपैकी एक कृष्णा शेणॉय, मनातल्या मनात हाताने लिहिण्यावरून मिनिटाला ९० अक्षरं काढली. २०२३ मध्ये बोलण्याच्या प्रयत्नावरून मिनिटाला ६२ शब्द, त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड चँगच्या टीमने ७८. इंग्रजीत साधं बोलणं १६० च्या आसपास असतं. आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात एएलएसच्याच एका पेशंटचे ९७ टक्के शब्द बरोबर आले, तेही त्याच्या जुन्या आवाजात.

अडचणी आहेतच. सुईभोवती मेंदू हळूहळू व्रण धरतो आणि सिग्नल मंदावतो, न्यूरालिंकच्या पहिल्या पेशंटमध्ये तर चिपचे मेंदूत घातलेले बारीक तारांचे बरेच धागे मागे सरकले होते. सिंक्रॉन नावाच्या दुसऱ्या कंपनीने कवटी न उघडता मानेच्या शिरेतून स्टेंटसारखी जाळी नेली, सोपं पडतं पण सिग्नल ढोबळ.

आणि एक गोष्ट बातमीत कुणी लिहीत नाही. स्टॅनफर्डचं बोलणं ओळखणारं डिकोडर आधी ३९ इंग्रजी ध्वनी ओळखतं, मग सव्वा लाख इंग्रजी शब्दांतून वाक्य जुळवतं. ते वाचतं जीभ-ओठ हलवायचा प्रयत्न. ण म्हणताना जीभ मागे वळते, न म्हणताना दातांशी जाते, आणि इंग्रजीच्या यादीत ण नाही, ळ पण नाही. म्हणजे काकांसारख्यांसाठी हे कुणीतरी मराठी पेशंटजवळ बसून पहिल्यापासून शिकवावं लागणार, तोवर ते यंत्र "पाणी" ला "पानी"च म्हणेल.