रिसायकल केलेल्या प्लास्टिकला गिऱ्हाईक कुठून आलं

आजकाल शाम्पूची बाटली घ्या, पाण्याची घ्या, नाहीतर भांडी घासायच्या लिक्विडची, कुठेतरी ठळक लिहिलेलं असतंच की ही बाटली अमुक टक्के रिसायकल्ड प्लास्टिकची आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हेच कंपन्या शक्यतो लपवायच्या, कारण वापरलेलं प्लास्टिक म्हणजे हलका माल असं लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. मधल्या काळात लोक पर्यावरणप्रेमी झाले म्हणून हे बदललं असं सांगितलं जातं, पण मला ते फारसं पटत नाही. प्लास्टिक गोळा करायची धडपड निदान अर्ध्या शतकाची आहे, ते गोळा झालेलं विकत कोण घेणार हा प्रश्न मात्र कोणी नीट विचारलाच नव्हता, आणि तो विचारला गेला तेव्हाच मार्केट तयार झालं.

थोडं मागे जाऊ. पाण्या-सोड्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, म्हणजे आपण ज्याला पेट (PET) म्हणतो ते १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पेटंट केलं, आणि ते बाटलीसाठी नव्हतंच, कापडाच्या धाग्यासाठी होतं. त्याची सोडा भरता येईल अशी बाटली ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या नॅथॅनियल वाइथने केली, पेटंट १९७३ चं. तोवर बरीचशी शीतपेयं काचेच्या बाटलीत यायची आणि बाटली परत दिली की डिपॉझिट परत मिळायचं. कंपन्यांना परत घेणं, धुणं, वाहतूक ही कटकट नकोच होती, त्यामुळे वापरा आणि फेका हे मॉडेल त्यांच्या भलतंच सोयीचं पडलं.

मग कचरा दिसायला लागला. अमेरिकेत १९५३ मध्येच पॅकेजिंग आणि पेय कंपन्यांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' नावाची संस्था निघाली होती, जिचा सगळा रोख कचरा टाकणाऱ्या माणसावर, बाटली बनवणाऱ्यावर नाही. १९७१ मध्ये ऑरेगन राज्याने बाटल्या आणि कॅनवर डिपॉझिटचा कायदा केला आणि तो चाललाही, पण असे कायदे पसरू नयेत म्हणून उद्योगाने पुढे वर्षानुवर्षं लॉबिंग केलं. गंमत म्हणजे जिथे डिपॉझिट आहे तिथलाच माल आज रिसायकलरला सगळ्यात जास्त हवा असतो, कारण तो स्वच्छ असतो आणि एकाच जातीचा असतो.

बाणांच्या त्रिकोणाची पण वेगळीच कथा आहे. १९७० मध्ये गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी तो काढला, स्पर्धा कागदी खोके बनवणाऱ्या कंपनीची, म्हणजे प्लास्टिकचा काही संबंधच नाही. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने त्याच त्रिकोणात १ ते ७ आकडे घातले. आकडा फक्त एवढंच सांगतो की माल कुठल्या जातीचा आहे, १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई (शाम्पूच्या बाटलीतलं जाड पॉलिथिलीन), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (दह्याच्या डब्याचं) वगैरे. पण भोवती बाण दिसले की माणूस समजणार हे रिसायकल होतं, आणि तसंच झालं. २०१३ मध्ये स्टँडर्ड बदलून बाणांऐवजी साधा त्रिकोण केला, तोवर उशीर झाला होता.

१९८७ मध्ये मोब्रो ४००० नावाचा कचऱ्याने भरलेला बार्ज (सपाट मालवाहू बोट) न्यूयॉर्कजवळून निघाला आणि बंदरामागून बंदरं फिरला, कोणी तो कचरा उतरवून घेईना, टीव्हीवर रोज तेच. त्या वातावरणात कायदे आले. जर्मनीने १९९१ मध्ये पॅकेजिंगची जबाबदारी थेट उत्पादकांवर टाकली, वेष्टनावरच्या हिरव्या टिकल्याची (ग्रीन डॉट) योजना त्यातलीच, लोकांनी इतकं प्लास्टिक वेगळं करून दिलं की प्रक्रिया करायला जागा पुरेना आणि बराच माल परदेशी पाठवावा लागला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कडक डब्या-बाटल्यांत २५ टक्के वापरलेलं प्लास्टिक घालायचा कायदा केला, पण त्यात पळवाटा भरपूर. कोका-कोला आणि पेप्सीनेही तेव्हा अमेरिकेत रिसायकल पेट मिसळलेल्या बाटल्या काढल्या. तो उत्साह फार टिकला नाही, कारण साधं आहे, व्हर्जिन, म्हणजे तेल-गॅसपासून बनवलेला कोरा प्लास्टिकचा दाणा स्वस्त होता आणि महाग माल घ्यायची सक्ती कोणावर नव्हती.

मग गोळा झालेल्या बाटल्या गेल्या कुठे? धाग्यात. पेट मुळात धागाच, त्यामुळे बाटली फोडून, धुऊन, वितळवून पॉलिस्टर काढणं सोपं. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने १९९३ मध्ये सोड्याच्या बाटल्यांपासून बनवलेलं फ्लीस (जॅकेटचं उबदार कापड) विकायला काढलं, शिवाय गालिचे, उशांचं भरण, पट्टे. ऐकायला छान, पण हा एकेरी रस्ता आहे, जॅकेट काही पुन्हा बाटली होत नाही. बाकीचे मिश्र गठ्ठे चीनला. चिनी माल आणून परत जाणारे कंटेनर तसेही रिकामेच असायचे, भाडं नगण्य, तिथे हाताने निवडायला मजूर होते. १९९२ पासून जगात जेवढा प्लास्टिक कचरा देशादेशांत फिरला त्यातला सुमारे ४५ टक्के चीनने घेतला. श्रीमंत देशांचे रिसायकलिंगचे आकडे या जोरावर चांगले दिसत होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता थोडं तांत्रिक, कारण याशिवाय पुढचं भावाचं गणित कळणार नाही. बाटल्या आधी मशीनवर इन्फ्रारेड प्रकाशाने ओळखून वेगळ्या करतात (काळ्या रंगात कार्बन ब्लॅक असेल तर मशीनला काही दिसतच नाही), मग त्यांचे तुकडे म्हणजे फ्लेक्स, मग गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुणं, त्यात पेट बुडतं आणि झाकणाचं प्लास्टिक तरंगतं म्हणून ते आपोआप सुटतं. वितळवताना पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल कमजोर होतो, म्हणून दाणे घन अवस्थेतच बराच वेळ तापवत ठेवतात, साखळ्या पुन्हा लांब होतात आणि आत मुरलेली रसायनंही बाहेर पडतात, यामुळेच अन्नाला चालेल असा माल मिळतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये वास, तेल, रसायनं खोल मुरतात, ती काढणं फार अवघड, म्हणून रिसायकल शाम्पूची बाटली सहज दिसते पण दह्याचा डबा नाही. आणि थरांचे पाउच तर विचारूच नका, दोन-तीन जातींची प्लास्टिकं आणि कधी अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेलं, ते सुटं करायचा परवडणारा मार्ग अजून नाही. रंगाचंही तसंच, हिरव्या बाटलीतून हिरवटच माल निघतो, स्प्राइटने २०२२ मध्ये अमेरिकेत आपली हिरवी बाटली सोडून पारदर्शक केली ती याचसाठी.

खरा धक्का २०१७-१८ चा. चीनने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०१८ पासून घरगुती प्लास्टिक कचरा घेणं बंद. गठ्ठे बंदरांवर पडून राहिले, काही मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडकडे वळले आणि त्या देशांनीही लवकरच हात वर केले. त्याच सुमारास गायर, जॅम्बेक आणि लॉ या संशोधकांचा अभ्यास आला होता की २०१५ पर्यंत जगात ८.३ अब्ज टन प्लास्टिक बनलं आणि त्यातून जो कचरा झाला त्यापैकी फक्त ९ टक्के रिसायकल झाला. ९ टक्के हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या पुढाकाराने मोठमोठ्या ब्रँड्सनी २०२५ पर्यंत रिसायकल प्लास्टिक वाढवायची वचनं दिली.

वचनांपेक्षा कायद्यांनी जास्त काम केलं. युरोपियन युनियनने २०१९ मध्ये ठरवलं की २०२५ पासून पेटच्या पेय बाटल्यांत २५ टक्के आणि २०३० पासून सगळ्याच प्लास्टिक पेय बाटल्यांत ३० टक्के रिसायकल माल हवाच. कॅलिफोर्नियाने पेय बाटल्यांसाठी २०२२ ला १५, २०२५ ला २५ आणि २०३० ला ५० टक्के असे टप्पे लावले. ब्रिटनने एप्रिल २०२२ पासून ज्या पॅकेजिंगमध्ये ३० टक्क्यांपेक्षा कमी रिसायकल प्लास्टिक आहे त्यावर टनाला २०० पौंड कर बसवला, नंतर तो वाढवत नेला. भारताने २०२२ च्या नियमांत कडक प्लास्टिकच्या (डबे-बाटल्यांच्या) पॅकेजिंगसाठी २०२५-२६ ला ३० टक्क्यांपासून सुरुवात करून ६० पर्यंत जायचं ठरवलं. आता कंपनीच्या खरेदी विभागाला माल लागणारच, मग पर्यावरण विभागाचं प्रेझेंटेशन असो वा नसो. याचा परिणाम असा झाला की युरोपात फूड ग्रेड (अन्नाला चालेल असं) रिसायकल पेट व्हर्जिनपेक्षा महाग विकायला लागलं, जे आधी कोणाला पटलं नसतं. धागेवाले आणि बाटलीवाले एकाच मालासाठी भांडायला लागले, आणि पेय कंपन्या तक्रार करायला लागल्या की आमच्या बाटल्या कपड्यांत का जातायत.

पण व्हर्जिनचा भाव तेल आणि गॅसला बांधलेला आहे, तो पडला की रिसायकलर मरतो. २०१४ नंतर तेल कोसळलं तेव्हा हे झालं, २०२० मध्ये झालं, आणि २०२३ पासून पुन्हा तेच चाललंय. नव्या पेट्रोकेमिकल प्लांट्समुळे व्हर्जिनचा पूर आहे, बाहेरून स्वस्त रिसायकल मालही येतो, जो खरंच रिसायकल आहे की नाही हे तपासणं कठीण, आणि युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये, रिसायकलिंगचे कारखाने बंद पडलेत. कंपन्यांनी पण पाय मागे घेतले. युनिलिव्हरने २०२४ मध्ये उद्दिष्टं सौम्य केली, कोका-कोलाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २०३० पर्यंत ५० टक्क्यांचं लक्ष्य सोडून २०३५ पर्यंत ३५ ते ४० टक्के रिसायकल साहित्य असं नवं धरलं, त्यात प्लास्टिकचा वाटा ३० ते ३५.

सध्याची मोठी भांडणं दोन. एक केमिकल रिसायकलिंगचं, म्हणजे प्लास्टिकचं पुन्हा तेल किंवा मूळ रसायन करणं, त्यात मास बॅलन्स नावाचा हिशेब चालतो, कारखान्यात जेवढा कचरा घातला त्याचं श्रेय कागदावर हव्या त्या बाटलीला द्यायचं, आणि ते किती द्यावं यावर वाद. दुसरं युरोपच्या नव्या पॅकेजिंग नियमांचं, जे फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा म्हणून आले आणि ज्यांची प्रत्यक्ष अंमलबजावणी ऑगस्ट २०२६ पासून ठरली. २०३० पर्यंत पेट सोडून इतर अन्नस्पर्शी प्लास्टिकमध्येही १० टक्के रिसायकल माल त्यात मागितलाय, म्हणजे तोच दह्याच्या डब्याचा प्रश्न, आणि तेवढा फूड ग्रेड पॉलिप्रॉपिलीन आज बाजारात जवळपास नाहीच.