खुलासा : एअर फिल्टर आणि घटलेले ॲव्हरेज

गाडीचे ॲव्हरेज घटले की ‘आधी एअर फिल्टर बदला’ हा सल्ला हमखास मिळतो. कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात तो रास्त होता, कारण हवा अडली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढत असे. इंजेक्शन (मोजून इंधन फवारणारी यंत्रणा) असलेल्या पेट्रोल इंजिनात मात्र आत येणाऱ्या हवेचा अंदाज सेन्सर देतात, धुरातील ऑक्सिजन पाहून गाडीतील संगणक इंधन कमीजास्त करतो आणि हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण एरवी १४.७ ला १ च्या आसपास राखतो. त्यामुळे फिल्टर तुंबल्यास गाडीचा जोम कमी होतो, इंधनाचा खर्च फारसा बदलत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतही हेच दिसले. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण ॲव्हरेजच्या आशेने नव्हे.

खरे कारण शोधताना आधी टाकी काठोकाठ भरून पुन्हा तशीच भरेपर्यंत किती किलोमीटर झाले आणि किती पेट्रोल लागले याचा हिशोब करावा, कारण कित्येकदा घट ही केवळ डॅशबोर्डवरील आकड्याची असते. मग टायरमधील हवा तपासावी. गाडी थांबल्यावर एकाच चाकाची रिम इतरांपेक्षा बरीच तापलेली असेल, तर तिथला ब्रेक घासत असण्याची शक्यता मोठी. बराच वेळ चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) उघडाच अडकलेला असू शकतो. तेव्हा इंजिन थंडच आहे असे समजून संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो, आणि हा दोष नव्या फिल्टरने जाणार नाही.