मानेचा मणका सरकतो तेव्हा

रिपोर्टवर ‘सी-४ मणका सी-५ च्या ३ मिलिमीटर पुढे’ अशी ओळ दिसली, की घरात पहिला प्रश्न येतो: ऑपरेशन करावं लागेल का? नुसत्या त्या ओळीवरून ते कुणालाच सांगता येत नाही. मणका किती सरकला यापेक्षा मागच्या मज्जारज्जूला (मेंदूतून पाठीत उतरणाऱ्या नसांच्या जाड दोराला) किती जागा उरली, हे महत्त्वाचं.

मानेत ७ मणके असतात, वरून खाली सी-१ ते सी-७. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी आणि मागे दोन छोटे सांधे. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, बांधून ठेवणारे पट्टे सैल पडतात, मागचे सांधे झिजतात आणि वरचा मणका पुढे, कधी मागे सरकतो. बहुतेकदा हे सी-३ ते सी-५ दरम्यान घडतं. त्याखालचे सांधे आधी आखडलेले असतात, त्यामुळे मान हलवण्याचा भार वरच्यांवर येतो. मज्जारज्जू ज्या हाडाच्या नळीतून जातो ती पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते. १३ च्या खाली ती अरुंद समजतात. म्हणून तेवढ्याच ३ मिलिमीटरने एकाला काहीच होत नाही, तर जन्मतःच अरुंद नळी असलेल्याचे हातपाय बिघडतात.

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात डोक्यावर घड वाहणाऱ्यांची, किंवा सातपुड्याच्या पाड्यांवर हंड्यावर हंडा आणणाऱ्या बायांची मान लवकर झिजू शकते. चुंबळीने टाळूला आराम मिळतो, मणक्यावरचं वजन मात्र तेवढंच राहतं. आमवाताच्या (रुमॅटॉइड संधिवाताच्या) जुन्या रुग्णांमध्ये अगदी वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. अशा रुग्णाने कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला हे सांगायलाच हवं, कारण भूल देताना मान मागे वाकवतात. अपघातातली घसरण वेगळी. हायवेवर मोटरसायकलवरून पडलेल्याची मान दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजायला डोकं उचलू नका. मान आहे तशी धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

दुखणं हे धोक्याचं मोजमाप नाही. मान महिनोन्‌महिने दुखूनही मज्जारज्जू सुखरूप असू शकतो. उलट तो दाबला जात असताना मान अजिबात दुखत नाही, असंही होतं. लक्ष ठेवायचं हातापायांवर. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, नोटा मोजताना बोटं अडखळतात, कापूस वेचताना चिमूट नीट बसत नाही, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, बांधावरून चालताना तोल जातो, लघवीची घाई होते. घरी करता येईल अशी एक चाचणी आहे: १० सेकंदांत मूठ पूर्ण उघडून पूर्ण मिटायची. निरोगी माणसाचं साधारण २० वेळा होतं. त्यापेक्षा बरंच कमी होत असेल तर डॉक्टर गाठा. हे सारं ‘वय झालं’ किंवा ‘शुगरच्या मुंग्या’ म्हणून सोडून दिलं जातं. शुगरच्या मुंग्या सहसा तळपायापासून सुरू होतात आणि त्यात हातोडीने गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय कमी उडतो. मज्जारज्जू दाबला असेल तर जास्त उडतो. दोन मिनिटांची ही तपासणी झाल्याशिवाय डॉक्टरांसमोरून उठू नका.

एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर मणका कधी कधी जागेवर जातो आणि घसरण लपते. म्हणून उभ्याने, बाजूने, मान पुढे आणि मागे वाकवून काढलेले एक्स-रेही लागतात (ताज्या अपघातात मात्र नाही). या एक्स-रेंमध्ये मणका साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला दिसत असेल, किंवा शेजारच्या मणक्यांपेक्षा त्याचा कोन ११ अंशांहून जास्त असेल, तर मान अस्थिर समजतात.

मज्जारज्जू मोकळा असेल तर बहुतेकांचं औषध आणि व्यायामावर भागतं. तळहात कपाळावर टेकवा, डोक्याने हाताला रेटा द्या, पण डोकं हलू देऊ नका. ५ ते १० सेकंद, १० वेळा. मग तसंच दोन्ही बाजूंनी आणि मागून. कळ आली तर थांबा. कॉलर काही दिवसांपुरती. महिनोन्‌महिने घातली तर स्नायू दुबळे होतात. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवरून आणून महिनाभर खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात. सलूनमध्ये मान मोडून घेणं, पायाळू माणसाकडून उसण काढून घेणं, न तपासता वजनं लावून मान ताणणं, हे सरकलेल्या मणक्यावर करायचंच नाही. एका झटक्यात हातपाय लुळे पडू शकतात.

हातापायांची लक्षणं वाढत असतील तर ऑपरेशन लांबवू नये, कारण ते मुख्यतः बिघाड पुढे जाणं थांबवतं. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. गळ्याच्या पुढून गादी काढून तिथे हाडाचा तुकडा किंवा पिंजरा (छोटा पोकळ ठोकळा) बसवतात आणि बहुधा पट्टी-स्क्रूने मणके जोडतात. बऱ्याच ठिकाणी दाब असेल तर मागून नळी मोकळी करतात. मणका अस्थिर असताना नुसती नळी मोकळी केली, मणके जोडले नाहीत, तर घसरण वाढू शकते. तेव्हा ‘जोडणार आहात ना?’ हे आधीच विचारा. पुढून केल्यावर काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. बहुतेकांचा तो जातो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

हाड जुळायला ३ ते ६ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. बिडी-सिगारेटने ते लांबतं, कधी जुळतच नाही. टाके निघाले म्हणून डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.