कुंडीतील डाळिंब

डाळिंब (प्युनिका ग्रॅनॅटम) हे मुळात अनेक खोडांचे झुडूप असून छाटणी सहज सोसते, त्यामुळे गच्चीवर वा अंगणात कुंडीत लावण्याची पद्धत रूढ आहे. पूर्वी त्याचे स्वतंत्र कुल (प्युनिकेसी) मानीत. आता त्याचा समावेश मेंदीच्या लिथ्रेसी कुलात करतात. कुंडीत दोन प्रकार लावले जातात : गणेश, भगवा इ. फळांच्या वाणांची कलमे आणि शोभेचे ठेंगणे डाळिंब. गणेश हा वाण पुण्याच्या गणेशखिंड येथे फलोद्यानतज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ च्या सुमारास आळंदी वाणातून निवडला.

जातीचे मूलस्थान इराण व लगतचा प्रदेश असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. हिमाचल प्रदेश व जम्मूच्या उतारांवर जंगली डाळिंबे आढळतात (अनारदाना म्हणजे वाळवलेले आंबट दाणे मुख्यतः यांचेच). ती तेथील मूळची की लागवडीतून रानात गेलेली, याबद्दल एकमत नाही. सोकोत्रा बेटावरील प्यु. प्रोटोप्युनिका या दुसऱ्या जातीला काहींनी पूर्वज ठरविले होते. तिला केवळ निकटची आप्त मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ठेंगण्या डाळिंबाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अठराव्या शतकात लिनीअस यांनी त्याला प्यु. नाना ही वेगळी जात मानले आणि जुन्या ग्रंथांत ते वेस्ट इंडीजमधील म्हणून नोंदलेले आढळते. परंतु डाळिंब अमेरिकेत यूरोपीयांनीच नेले. तेव्हा हा प्रकार बागायतीत निपजून तिकडे गेला असावा, असे मानण्याकडे कल आहे. आज त्याला जातीऐवजी प्रकाराचाच दर्जा देतात. बियांपासून तो बराचसा मूळ गुणांसह उगवतो व लहानपणीच फुलतो. फळे मात्र छोटी आणि आंबट असतात.

फळांच्या वाणांसाठी बियांऐवजी गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले रोप) घ्यावे. तळाला भोके असलेली सुमारे ४५ सेंमी. रुंद व तितकीच खोल कुंडी, पोयटा माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू आणि दिवसाचे किमान सहा तास ऊन लागते. बुंध्यातून येणारे धुमारे वेळोवेळी काढून तीन-चार खोडेच ठेवतात. शेतात आंबे, मृग वा हस्त बहार (ठराविक हंगामातील फुलोरा) धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात. कुंडीतील माती लवकर वाळत असल्याने ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

फुले गळाली की रोग आला असे सर्रास समजले जाते. वस्तुतः एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुले येतात. बूड फुगीर व केसरांच्या बरोबरीला आलेली कुक्षी (परागकण ग्रहण करणारे स्त्रीकेसराचे टोक) असलेली फुले फळ धरतात. बुडाशी निमुळती, आखूड कुक्षीची घंटाकृती फुले कार्याने नर असून गळतातच. फळ तयार होण्यास साधारणतः पाच ते सात महिने लागतात. या काळात माती कोरडी पडून एकदम भरपूर पाणी मिळाले, तर दाणे फुगतात आणि ताण न सोसणारी साल तडकते. फळ पोखरणारी सुरसा अळी ही एका फुलपाखराची अळी होय. सालीवर गोल छिद्र व त्याभोवती ओलसर विष्ठा दिसल्यास ती आत पोहोचलेली असते. असे फळ तोडून नष्ट करतात. तिला रोखण्यासाठी फळे लहान असतानाच मलमलीच्या पिशव्या बांधतात. तेल्या (जिवाणूजन्य करपा) व मर (झाड वाळणे) हे रोग मुख्यतः बागांतील असले, तरी रोगट बागेतील कलमाबरोबर घरी येऊ शकतात.