लॉस ऑलिव्होस: आगगाडी लांबून गेली म्हणून राहिलेलं गाव

कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या डोंगरापलीकडे सांता यनेझ खोऱ्यात हे गाव आहे, वस्ती जेमतेम हजार-बाराशे. भर चौकात रस्त्याच्या मधोमध झेंड्याचा खांब उभाय, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची आठवण म्हणून, आणि गाड्या त्याला वळसा घालून जातात. लोक वाइनसाठी येतात, पण मला विचाराल तर या गावाची खरी गोष्ट गुरांपासून सुरू होते.

इथले मूळ लोक चुमाश. 1804 मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी जवळच सांता इनेस मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं, बांधलं आणि मिशनची गुरं राखायला याच चुमाश लोकांना घोड्यावर बसवलं, म्हणजे इथले पहिले काऊबॉय तेच, हे फार कमी जण सांगतात. 1824 मध्ये एका चुमाश माणसाला सैनिकांनी फटके मारले आणि उठाव पेटला, तोही याच मिशनमध्ये. पुढे मेक्सिकन राजवटीत मिशनच्या जमिनी मोठमोठ्या रँचोंमध्ये, म्हणजे गुरं पाळायच्या जहागिऱ्यांमध्ये, वाटल्या गेल्या, धंदा मांसाचा कमी आणि कातडं-चरबीचा जास्त. मग 1860 च्या दशकात असा दुष्काळ पडला की गुरं हजारोंनी मेली आणि रँचो विकायची पाळी आली.

गाव वसलं ते 1887 मध्ये, पॅसिफिक कोस्ट रेल्वेची नॅरोगेज इथवर आली तेव्हा. बॉइड नावाच्या न्यूयॉर्ककडच्या तरुणाने शेजारी ऑलिव्हची सुमारे 5 हजार झाडं लावली होती, त्याच्या रँचवरून गावाला नाव मिळालं. लाइन इथेच संपायची, पुढे सांता बार्बराला घोडागाडीने घाट ओलांडून जावं लागायचं, म्हणून फेलिक्स मॅटेई या स्विस माणसाने आधीच, 1886 ला हॉटेल काढून ठेवलं होतं. दमलेला प्रवासी रात्री तिथेच उतरणार, दुसरीकडे जातो कुठे!

1901 मध्ये सदर्न पॅसिफिकची मोठी लाइन समुद्रकिनाऱ्याने पूर्ण झाली आणि लॉस ऑलिव्होस बाजूला पडलं. त्या काळच्या दुकानदारांचं नुकसान झालं असणार, पण शहर वाढलं नाही म्हणूनच कुरणं, ओकची झाडं आणि घोडे राहिले, असं मला मनापासून वाटतं.

वाइन त्यामानाने कालची. 1971 मध्ये सॅनफर्ड आणि बेनेडिक्ट यांनी खोऱ्याच्या पश्चिमेला पिनो न्वार जातीची द्राक्षं लावली, 1972 ला फायरस्टोन ही वायनरी आली. यामागे भूगोल आहे, कॅलिफोर्नियातले बरेचसे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे उत्तर-दक्षिण, इथले मात्र पूर्व-पश्चिम, त्यामुळे समुद्राचं धुकं थेट खोऱ्यात शिरतं. किनाऱ्याकडे थंडीत पिनो पिकते आणि आत लॉस ऑलिव्होसच्या उन्हात सिरा, काबर्ने, सोव्हिन्यों ब्लां या जातीची द्राक्षं. गावाभोवतीच्या भागाला 2016 मध्ये वेगळा वाइन-प्रदेश म्हणून मान्यता मिळाली. याच खोऱ्यातल्या वाइन-सफरीवरच्या 2004 च्या 'साइडवेज' सिनेमानंतर तर गर्दीच लोटली, जुन्या लाकडी घरांत टेस्टिंग रूम्स उघडल्या. मायकल जॅक्सनचं नेव्हरलँड हे घरही इथून काही मैलांवरच, तेही आधी रँचच होतं.

वाइनसोबत ट्राय-टिप नक्की खा. रेड ओकच्या निखाऱ्यावर भाजलेलं गाईचं मांस, वर नुसतं मीठ, मिरपूड, लसूण. आजूबाजूच्या रँचांवर वासरांना डाग द्यायच्या दिवशी शेजारीपाजारी जमायचे तेव्हा असंच मांस भाजलं जायचं. आणि मॅटेईचं हॉटेल? ते अजून आहे, आता आलिशान झालंय, पण जुनी इमारत जागच्या जागी आहे.