शस्त्रक्रियागृहातील दुर्मीळ आणीबाणी : तपासणीसूची आणि सिम्युलेशन प्रशिक्षण

शस्त्रक्रिया चालू असताना क्वचित उद्भवणाऱ्या, पण काही मिनिटांत जीव घेऊ शकणाऱ्या संकटात उपचाराची कोणतीही पायरी सुटू नये म्हणून छापील तपासणीसूची वापरण्याची आणि तिचा सराव संपूर्ण पथकाने कृत्रिम प्रसंगांतून (सिम्युलेशन) करण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेली शस्त्रक्रिया सुरक्षा सूची प्रत्येक रुग्णासाठी ठरावीक टप्प्यांवर वाचायची असते. आणीबाणीच्या सूच्या त्याहून वेगळ्या असून त्या संकट ओढवल्यावरच हाती घेतल्या जातात.

मॅलिग्नंट हायपरथर्मिया हे याचे बोलके उदाहरण होय. आनुवंशिक दोष असलेल्या रुग्णाला काही भूलवायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यास स्नायूपेशींत कॅल्शियम अनिर्बंध सुटते, स्नायू ताठरतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ताप झपाट्याने चढतो. अनेक भूलतज्ज्ञांना उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण भेटत नाही. भेटलाच, तर भूलवायू बंद करणे, शुद्ध प्राणवायू देणे, शरीर थंड करणे आणि रक्तातील पोटॅशियम तपासणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात. डॅन्ट्रोलीन या उताऱ्याची पहिली मात्रा दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅम असते. त्याच्या जुन्या प्रकारच्या २० मिलिग्रॅमच्या प्रत्येक कुपीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी मिसळावे लागते. म्हणजे ७० किलोच्या रुग्णासाठी नऊ कुप्या, आणि त्या विरघळवण्यातच एखाद-दोन माणसे गुंततात. एवढा तपशील ऐन धांदलीत स्मरणावर सोपवणे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १७ पथकांनी १०६ कृत्रिम प्रसंग हाताळले. सूचीविना जीवरक्षक पायऱ्यांपैकी २३ टक्के सुटल्या, सूचीसह केवळ ६ टक्के. खऱ्या आणीबाणीत अशी तुलना करणे जवळजवळ अशक्य असल्याने हा पुरावा सिम्युलेशनपुरताच आहे, हेही लक्षात घ्यावे लागते.

सिम्युलेशनची घडण प्रामुख्याने स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड गाबा यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा आधार घेऊन केली. नाडी आणि श्वासोच्छ्वास दाखवणाऱ्या पुतळ्यावर उपचार करताना शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व परिचारिका नेतृत्व कोणी करावे आणि मदत केव्हा बोलवावी हे ठरवायला शिकतात. दिलेली सूचना मोठ्याने परत उच्चारण्याची सवयही त्यांना याच वेळी लागते. सूची मोठ्याने वाचण्यासाठी एक स्वतंत्र व्यक्ती नेमणे विशेष महत्त्वाचे, कारण उपचारात हात गुंतलेल्या माणसाला कागदाकडे पाहायला उसंत नसते. सरावानंतरची चर्चा दोषारोपाविना व्हावी लागते. अन्यथा कनिष्ठ सहकारी गप्प राहतात आणि सूचीतील त्रुटी तशाच उरतात. औषध कोणत्या कपाटात आहे व कोणाला दूरध्वनी करायचा, हा मजकूर मात्र प्रत्येक रुग्णालयाने स्वतः भरून वेळोवेळी सुधारावा लागतो.